उसने हात

माझी आई टीव्ही लावल्याशिवाय दुपारचं जेवायला बसायची नाही. एक वाजता एका वाहिनीवर हस्तकलेचा कार्यक्रम लागतो. निवेदिका नटूनथटून येते, रिकाम्या बाटलीची फुलदाणी करते, जुन्या लग्नपत्रिकांचा आकाशकंदील करते, आणि मधूनमधून एखादी पाहुणी येऊन आपलं काही दाखवते. आईनं त्यातलं एकही कधी करून बघितलं नाही. "आपल्याला काय करायचीय फुलदानी, गोठ्यात ठिवायची का?" असं म्हणायची. पण कार्यक्रम संपेपर्यंत ताटावरून उठायची नाही. कॅमेरा जवळ जाऊन नुसते हात दाखवायला लागला, कात्री, गोंद, बोटं, की घास हातात तसाच धरून बघत राहायची. "काय हात हायती बाईचं," म्हणायची. "लोन्यासारखं."

आईच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. मी शाळेत असताना चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेलं. विजेवरची कुट्टी नवीन घेतली होती, उसाचं वाढं सारता सारता हात जरा जास्त आत गेला. जखम भरली, बोट गेलं ते गेलं. आता आमच्याकडं बायका एकमेकींना कुंकू लावतात ते नेमकं त्याच बोटानं. पुढच्या संक्रांतीला एका घरी आईनं मधल्या बोटानं कुंकू लावायला हात पुढं केला, तर समोरच्या बाईनं कपाळ जरासं मागं घेतलं. जरासंच. पण त्यानंतर आईनं कुणाच्या कपाळाला हात लावला नाही, आणि तिचा उजवा हात पदराखाली गेला तो गेलाच. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या फोटोत, सगळीकडं. बाहेरच्या माणसांत तो हात उघडा बघितलेला माणूस म्हणजे पाटसच्या बाजारातले मणेरचाचा. ते बांगड्या भरताना हाताकडं बघतसुद्धा नाहीत, गप्पा मारत मारत भरून टाकतात.

त्याच हातानं आई शिंकी विणते. शिंकं म्हणजे सुतळीची गाठीगाठींची जाळी. पूर्वी घराच्या आढ्याला टांगून त्यात दुधाची, लोण्याची मडकी ठेवायचे, मांजराच्या तोंडाला लागू नये म्हणून. आईचं माहेर केंदूरचं. तिचे वडील बैलांसाठी दोर वळायचे, वासरांच्या मुसक्या करायचे आणि उरलेल्या वाखाची शिंकी. त्यांच्याकडनं ती शिकली. बोट गेल्यावर आधी तिला गाठ घेता येईना. मग तिनं तिची तिची रीत काढली. राहिलेल्या खुंटाला सुतळीचा फेर अडकवते आणि बाकीच्या बोटांनी गाठ ओढते. तो खुंट खुंटीसारखा चालतो. मला विचाराल तर तिच्या गाठी आधीपेक्षा घट्ट बसतात.

आणि मी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बारावी दौंडला, बी.एस्सी. शिरूरला, बसच्या पासवर. हे मी सांगते, आणि सांगताना लाजत नाही. आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या तपासणी विभागात आहे, कारेगावला खोली घेऊन राहते. खोलीच्या गॅलरीत आईचं एक शिंकं टांगलं होतं, त्यात मनीप्लांटची कुंडी. एका रविवारी त्याचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'माझ्या आईनं केलेलं', आणि टाकला. लोकांनी तो इकडून तिकडं पाठवला. महिन्याभरात त्याच एक वाजताच्या कार्यक्रमातून एका मुलीचा फोन आला. आईंना घेऊन याल का पाहुण्या म्हणून?

मी गावी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती धार काढत होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"चेष्टा करती व्हय माझी?"

"आई, खरंच. तुझाच तो एक वाजताचा."

"ती बाई आसंल तितं? लोन्यावानी हातवाली?"

"असणारच की."

तिनं बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "येते. पर हात दाखवायचा न्हाई. सांग त्यांना आधी."

मी तिच्यासमोरच त्या मुलीला फोन लावला. हाताला जुनी दुखापत आहे, आई हात कॅमेऱ्यासमोर आणणार नाही, चालेल का? मुलगी म्हणाली, काहीच प्रॉब्लेम नाही मॅडम, आमच्याकडे हँड आर्टिस्ट असतात. मला वाटलं, हात झाकून शूटिंग करणारं कुणी असेल. विचारायला हवं होतं. पण इंग्रजी शब्द आला आणि मला कळला नाही, हे फोनवर कबूल करायचं माझ्या जिवावर आलं.

त्यांनी एक काम लावलं. शिंकं कार्यक्रमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत विणत बसायला वेळ नसतो, म्हणून घरूनच तीन अर्धवट शिंकी करून आणायची. एक नुसतं सुरू केलेलं, एक निम्मं, एक शेवटची गाठ राहिलेलं. आणि एक पूर्ण. निवेदिका म्हणणार, 'आता एवढं विणून झालंय', आणि पुढचं उचलणार. यावर आई हटून बसली. तिच्या माहेरी शिंकं अर्धं सोडून उठत नाहीत. अर्धं शिंकं घरात राहिलं तर घरातलं दुभतं आटतं, असं तिचे वडील सांगायचे.

"आई, आपली गाय गाभण आहे. ती आटणारच आहे."

"मंग आटल्यावर म्हनू नको माझ्यामुळं आटली म्हनून."

"मी कशाला म्हणेन?"

"तू न्हाई. मी म्हनंन."

शेवटी तोड निघाली. शूटिंग संपलं की तिथंच बसून तिन्ही पुरी करायची आणि मगच घरी निघायचं. या बोलीवर तिनं ती विणली. पण ज्या पिशवीत ठेवली ती पिशवी घरात घेतली नाही, बाहेर ओट्यावर ठेवली.

आदल्या दिवशी ती चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे बसनं शिरूरला आली, तिथून मी तिला कारेगावला आणलं. हातभर नव्या हिरव्या बांगड्या. "चाचानं निवडून दिल्या. म्हनलं टीव्हीत जायचंय, तर म्हनले, वहिनी, मंग माझ्या बांगड्या दिसू द्या नीट." हे सांगताना तिनं डावाच हात वर केला.

सेट नगर रोडला एका गोदामात होता. बाहेर ट्रक, आत अंधार, आणि अंधारात मधोमध एक लख्ख उजेडातलं घर. प्लायवूडच्या भिंती, त्यावर मातीचा रंग, रंगानंच काढलेल्या शेणाच्या सारवणाच्या रेघा. आईनं भिंतीला बोट लावून बघितलं. भिंतीच्या मागं गेलं की नुसत्या लाकडी पट्ट्या, वायरी आणि खोकी. कुठल्याशा जुन्या भागातलं थर्माकोलचं मखर एका कोपऱ्यात उलटं पडलं होतं. आई माझ्याजवळ सरकून ते सगळं बघत होती. मला वाटलं घाबरली. मग हळूच म्हणाली, "पाठीमागनं लई घान ठिवलंय गं."

कपडेवाल्या बाईनं आईसाठी नऊवारी आणि नथ काढून ठेवली होती. आई कायम सहावारीत.

"मावशी, गावाकडचा लुक हवाय."

"मी गावाकडनंच आले की बाई. त्यो लुक आन् कुटनं आनू?"

ती बाई हसली, पण नऊवारी नेसवलीच. नथ मात्र आईनं घातली नाही. हिच्या लग्नात घालंन म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. म्हणजे तिथंसुद्धा तो विषय सुटला नाही.

निवेदिका आली तेव्हा आई उठूनच उभी राहिली. बाई वागायला साधी निघाली. वर भरजरी साडी आणि टेबलाखाली रबरी चपला. आईशेजारी बसून डब्यातली पोळीभाजी खात होती. आई तिच्या हातांकडं बघत होती. शेवटी धीर करून बोललीच.

"बाई, तुमी ती बाटलीवर तुळस रंगवलेली ना, ती मी दोनदा बघितली."

"अहो मावशी, मला साधी सुई ओवता येत नाही. ती रंगवली हिनं." आणि तिनं कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीकडं बोट केलं.

ती मुलगी म्हणजे हँड आर्टिस्ट. तेव्हा मला शब्द कळला. निवेदिकेचं तोंड आणि या मुलीचे हात. चेहरा लांबून घ्यायचा, हात जवळून, आणि नंतर दोन्ही जोडायचे. इतकी वर्षं आई ज्या हातांना लोण्यासारखे म्हणायची ते हे. मुलगी कुठल्यातरी कला महाविद्यालयात शिकलेली, बारीक अंगाची. नखं कापून घासून तयार, हाताला सारखं क्रीम चोळत बसलेली.

मला वाटलं आईचा हिरमोड होईल. झालं उलटंच. ती त्या मुलीपाशी जाऊन बसली.

"म्हंजी ती तुळस तू? आन् लग्नपत्रिकेचा कंदील?"

"हो मावशी. सगळंच."

"तुझ्या आईला ठावं हाय का?"

"तिला एकटीलाच ठाऊक आहे. टीव्हीत नाव येत नाही ना माझं."

मग तिथंच दोघींचं ठरलं. मुलगी आईकडून गाठ शिकून घेणार आणि जवळच्या दृश्यात तीच विणणार. आईनं पदराआडूनच तिला शिकवायला सुरुवात केली, तोंडानं. 'हितनं घे, खालनं काढ, आता फेर दे.' मुलगी हुशार होती. तिला फेर अडकवायला खुंट नव्हता, तर तिनं बोटाला कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि जमवलं. आई खूश.

मी खूश नव्हते. सगळ्या महाराष्ट्राला आईचं काम दिसणार, आणि हात दुसरीचे? तेवढ्यात ते बांगड्यांचं निघालं. दोघींच्या हातातल्या बांगड्या सारख्या दिसायला हव्यात, म्हणून कपडेवाली आईला म्हणाली, तुमच्या काढून हिला द्या. आई म्हणाली, मालक जिवंत हायती माझं, बांगड्या न्हाई उतरवायची. कपडेवाली म्हणाली, पाच मिनिटांचा प्रश्न आहे मावशी. आणि मी भडकले.

"हात काढून घेतलेत तेवढं पुरे झालं. बांगड्याही काढून घ्या आता!"

माझा आवाज चढला असणार. लायटिंगवाले थांबून बघायला लागले. दिग्दर्शक उठून आला. तिशीतला माणूस, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, हात दाखवायचे नाहीत हे तुम्हीच सांगितलं होतं."

"दाखवू नका म्हटलं होतं. दुसऱ्याचे लावा असं नव्हतं म्हटलं. शिंकं माझ्या आईचं आहे."

"मग आईंनाच करू दे. मला तर आवडेल. पण अडचण काय आहे हाताला?"

मी आईकडं बघितलं. आणि नेमकं तेव्हाच त्या मुलीच्या हातातला फेर निसटला. आईनं सवयीनं चटकन पुढं होऊन तो आपल्या खुंटावर झेलला आणि गाठ ओढून दिली. पदराबाहेर, त्या लख्ख उजेडात. दिग्दर्शकानं बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

त्याचा चेहरा एकदम बदलला. वाईट वाटून नाही. गावातल्या व्यापाऱ्याला चांगलं जनावर दिसल्यावर बदलतो ना, तसा. आईपुढं उकिडवा बसला.

"मावशी, हे कसं झालं?"

आईनं हात आत घेतला.

"मावशी, सात मिनिटांचा भाग आहे तुमचा. मी पूर्ण अर्धा तास तुम्हाला देतो. सुरुवातच या हातापासून करू. हे कसं झालं ते सांगायचं, मग किती त्रास झाला ते सांगायचं, आणि त्याच हातानं शिंकं. लोक रडतील हो."

"लोकांनी रडावं म्हनून आलेय व्हय मी?"

तो हसला. मग माझ्याकडं वळला. "तुम्ही शिकलेल्या आहात मॅडम. तुम्ही समजावा."

आणि आईनंही माझ्याकडं बघितलं.

मी समजावलं. खरं ते लिहिते. म्हणाले, "आई, दाखव ना. आपण काय चोरी केलीय? त्या कपाळ मागं घेणाऱ्या बाईलाच बघू दे की." मला मनापासून तसंच वाटत होतं, आजही वाटतं. तो हात लपवण्यासारखा नाही, दाखवण्यासारखा आहे. पण आईचा चेहरा बघितला आणि कळलं की तिला माझं म्हणणं त्या माणसाच्या म्हणण्याहून वेगळं ऐकूच आलं नव्हतं.

"फोनवर माझ्याम्होरं काय बोलली व्हतीस?" एवढंच विचारलं तिनं.

मी दिग्दर्शकाला म्हणाले, "ठरलंय तसं करा."

त्यानं खांदे उडवले. बांगड्यांच्या खोक्यातून तशाच रंगाच्या बांगड्या शोधून त्या मुलीच्या हातात घातल्या. मणेरचाचांच्या बांगड्या आईच्या हातात, पदराखाली, राहिल्या. शूटिंग झालं. आईचा चेहरा टेबलामागं, दोन्ही हात टेबलाच्या खाली. निवेदिका विचारायची, आई सांगायची, अगदी खणखणीत, अडखळली नाही कुठं. मग सगळे तिच्यापासून लांब झाले आणि कॅमेरा त्या मुलीच्या हातांकडं गेला. आई अंधारात स्टुलावर बसून आपल्या कामाकडं दुसरीच्या हातांत बघत होती. मी तिच्या शेजारी उभी होते.

संपल्यावर ती अर्धी शिंकी पुरी करायला मागायला गेली, तर ती नाहीत. जाहिरातीसाठी परत लागतील, म्हणाले, ठेवून घेतलीत, कुरिअरनं पाठवू. आईनं त्यांना दुभत्याचं सांगितलं. ती माणसं हसली, प्रेमानंच हसली. "किती गोड," कुणीतरी म्हणालं. आई परतीच्या रस्त्यावर एकदाच बोलली, रांजणगावजवळ, खिडकीतून बाहेर बघत. "अर्दं सोडून आले."

पुढचे काही आठवडे रोज फोन. "आली का गं शिंकी?" नाही आली. "गाय कमी देतीय." आई, ती गाभण आहे. "ठावं हाय मला." पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

भाग लागणार होता त्या दिवशी मी रजा टाकून गावी गेले. एक वाजता आमच्या घरात बसायला जागा नव्हती. भावकीतल्या बायका, शेजारच्या, चुलती सगळ्यांत पुढं. माझे वडील, आप्पा, दारात उभे, टोपी हातात. आई टीव्हीवर आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई मागं भिंतीला टेकून हसत होती. टीव्हीतली आई म्हणाली, 'आता ही गाठ बघा', आणि पडदाभर हात आले. पांढरे, नितळ, लांब बोटांचे. हिरव्या बांगड्या. आणि पाचही बोटं पुरी.

बायका वळून मागं आईकडं बघायला लागल्या.

आम्हा मायलेकींना, आप्पांना, कुणालाच हे आधी सुचलं नव्हतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं ना! ज्यांच्यापासून तो हात लपवायचा, त्यांनाच तो हात ठाऊक होता. परक्या लोकांना काय, ते हात बघून पुढं गेले असते. मी रोज कंपनीत पार्टवरचे ओरखडे शोधते, आणि मला हे दिसलं नाही.

चुलती आईची थोरली जाऊ, तोंडाला फटकळ. तिनं शांतता मोडली.

"अगं बया! तुला बोट कवा फुटलं गं?"

एकजण फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. आप्पा टोपी घालून गोठ्याकडं निघून गेले. आई पण हसली त्यांच्यात, आणि ते बघणं मला सगळ्यांत अवघड गेलं.

गंमत तेवढ्यावर थांबली असती तर सोसलं असतं. पण संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर माझ्या पुढच्या दोघी बोलत होत्या. मी मागं उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"हात दुसरीचं, मंग शिंकं तरी हिचंच कशावरनं?"

"टीव्हीत समदं खोटंच आसतंय. नुसतं तोंड हिचं."

मी किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "शिंकं तिचंच आहे. माझ्या खोलीत टांगलंय, येऊन बघा." त्या ओशाळल्या, "तसं न्हाई गं ताई" म्हणाल्या. पण मला कळलं, माझ्या बोलण्यानं काही होणार नाही. बोट नाही म्हणून आई इतकी वर्षं हात लपवत आली होती. आता बोट आहे म्हणून तिच्या कामावर संशय.

रात्री जेवताना मी म्हणाले, तुझ्या खऱ्या हाताचा एक व्हिडिओ करू. दोन मिनिटांचा. टाकला की सगळ्यांची तोंडं बंद.

"टाकशील की. तुला काय, टाकायची सवयच हाय."

"आई, मी तुझ्याच बाजूनं आहे."

"माझ्या बाजूला हायस तर गप ऱ्हा माझ्यासारकी."

त्या दिवसानंतर ती एक वाजता टीव्ही लावेनाशी झाली. जेवण तेच, वेळ तीच, टीव्ही बंद. आप्पांनी मला हे फोनवर सांगितलं. आप्पा आपण होऊन फोन करत नाहीत.

कुरिअर आलं ते माझ्या कारेगावच्या पत्त्यावर. खोक्यात तिन्ही शिंकी, एकात एक गुंतून गोळा झालेली, आणि एका सुतळीला अजून चिकटपट्टीचा तुकडा. शनिवारी मी ती घेऊन गावी पोहोचले तेव्हा गाय पुरती आटली होती. आटायचीच होती. आईनं पिशवी ओट्यावर उपडी केली. गुंता सोडवला, चिकटपट्टी नखानं काढली. मला वाटलं आत नेऊन विणेल, नेहमीसारखी मागच्या पडवीत. तर तिनं ओट्याच्या लोखंडी खांबाला तिन्ही टांगली, रस्त्याच्या बाजूला. पोतं अंथरलं. आणि बसायच्या आधी पदर गुंडाळून कमरेला खोचला, शेतात खुरपायला जाताना खोचतात तसा. उजवा हात दंडापर्यंत उघडा.

डेअरीची वेळ होती. बायका किटल्या घेऊन येत-जात होत्या. आई मान वर करत नव्हती. खुंटावर फेर, खालून काढायचा, ओढायचा. खुंटावर फेर. एक थांबली, मग दुसरी. डेअरीवर बोललेल्या दोघींतली एक त्यात होती. चुलती आली, किटली टेकवून ओट्याच्या कडेला बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "त्या थोटकावरनं सुतळी निसटत न्हाई गं?"

"तुमची निसटंल, आक्का. तुमाला धाच्या धा हायती."

चुलती हसली. या वेळी आई तिच्याबरोबर हसली, आणि ते हसणं खरं होतं. मला वाटलं, हे राहायला पाहिजे. हे कुणीतरी बघायला पाहिजे. मी फोन काढला आणि दारातून हळूच वर धरला. आईची पाठ माझ्याकडं होती, तरी तिला कसं कळलं कोण जाणे.

"ठिव तो."

"आई, नुसतं आपल्यासाठी."

"ह्ये हितल्या हितं हाय. ठिव."

मी ठेवला. पटलं म्हणून नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. या एका गोष्टीवर आम्ही दोघी अजून नीट बोललेलो नाही.

दिवे लागायच्या आत तिसरं शिंकं पुरं झालं. बायका कधीच गेल्या होत्या. आईनं शेवटची गाठ आवळली, उरलेली सुतळी दातानं तोडली, पोतं झटकलं. मग कमरेचा पदर सोडला, हात त्याच्याखाली घेतला, आणि चहा टाकायला आत गेली.